चारचौघांतली शिवी

उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कृष्णात कांबळे १९७६ साली केमिस्ट म्हणून लागले. वाळू आणि वितळलेले लोखंड तपासायचे. माणसांशी संबंध कमी. काही वर्षांनी मालकाने त्यांना सुपरवायझर करायचे ठरवले आणि आधी बेंगळूरला ट्रेनिंगला पाठवले. तिथले बरेचसे ते विसरले. एक गोष्ट मात्र त्यांनी घट्ट धरली : कौतुक चारचौघांत करावे, चूक एकांतात दाखवावी.

त्याला कारण होते. त्यांची आई शेवंताबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मुकादम तिला सगळ्या बायकांसमोर उभे करून बोलत असे. ते कृष्णातनी पाहिले होते.

आधीचे सुपरवायझर मारुतीराव सगळे उघड्यावर करीत. “काय रं रेड्या, सासरवाडीला आलायस व्हय?” हे भट्टीपासून फाटकापर्यंत ऐकू जाई. मागोमाग आईवरून शिवी. शिवी झाली की विषय संपला. केबिनमध्ये ते माणूस बोलवत ते फक्त कोण काय बोलतो हे विचारायला. दार लागले म्हणजे आत चुगली चाललीय, हे सगळ्या फाउंड्रीला माहीत होते. मागच्या बाजूच्या लॅबमध्ये वाढलेल्या कृष्णातना नव्हते.

रवळू हा खानापूरकडचा मोल्डर, वाळूचे साचे भरणारा. लॅबच्या दिवसांपासून दोघांचे अरे-तुरेचे नाते. आई आजारी पडल्यापासून रवळूला उशीर होऊ लागला. कृष्णातनी त्याला केबिनमध्ये बोलावले, दार लावले, खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळू आवाजात समजावले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच.

त्याच सुमारास कामगार युनियन काढायच्या बेतात होते. वडगावात एका विणकराच्या घरी बैठका होत. मालकाने अचानक दोघा पुढाऱ्यांना काढून टाकले. बातमी मालकाला त्या विणकराच्याच मेव्हण्याने दिली होती; पण ते पुढे वर्षाने कळले. त्या दिवशी सगळ्यांनी रवळूकडे पाहिले.

दुपारी तो भाकरी घेऊन आला, तेव्हा भट्टीवरचा भरमा म्हणाला, “उठा रं, आकाशवाणी आली.” सगळे उठले. साच्याची पेटी उचलायला समोरून दुसरा माणूस लागतो. रवळूच्या समोर कोणी उभे राहीना.

त्याने सायकल स्टँडवर कृष्णातना गाठले.

“साहेब, उद्या मला सगळ्यांम्होरं शिवी घाला.”

“साहेब काय म्हणतोस? आणि शिवी कशाला?”

“चांगली आईवरनं घाला, मारुतीराव घालायचं तशी. मग तरी मान्सं म्हणतील, ह्यो साहेबाचा न्हाय.”

“मी सरळ सांगतो ना त्यांना, तुझा काही संबंध नाही म्हणून.”

“तसलं काय करू नगासा. तुमी चांगलं बोलला की माझं आनिकच वाईट हुतंय.”

दुसऱ्या दिवशी रवळू मुद्दाम उशिरा आला आणि मान खाली घालून भट्टीजवळ उभा राहिला. हातातले काम सोडून सगळे पाहत होते. कृष्णात केबिनबाहेर आले. आईवरची शिवी त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाले, “रवळू, तुम्हाला आज उशीर झाला.”

“घ्या! आता अहो-जाहो बी सुरू झालं,” भरमा म्हणाला. हशा पिकला.

त्या दिवशी रवळूने पेटी एकट्याने उचलली. ती निसटली, साचा फुटला. हात झाडून तो बाहेर पडला आणि पुन्हा कामावर आला नाही. कृष्णातनी महिन्याभरात सुपरवायझरकी सोडली आणि लॅबमध्ये परत गेले.

मेव्हण्याचे नाव उघड झाल्यावर ते रवळूच्या गावी गेले. आई वारली होती. रवळू गोठ्यात शेण काढत होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

“आता सगळ्यांना खरं कळलंय. भरमाअण्णा पण म्हणाला, चूक झाली. ये परत.”

“त्यो तुमास्नी म्हनला,” रवळू म्हणाला. “हितं का न्हाय आला?”

रवळूने आत हाक मारून साहेबांसाठी खुर्ची आणायला सांगितले.