पाठराखीण

लवंग दाताखाली आली की मला अंबडजवळची ती दोन खोल्यांची जागा आठवते. एम.एस्सी. चालू असतानाच लग्न झालं आणि मी नांदगावहून नाशिकला सासरी आले. नव्या नवरीला सोबत हवी, म्हणून आत्या पाठराखीण होऊन आली होती. ती सारखी लवंग चघळायची आणि माझ्या वतीने सगळ्यांशी बोलायची. एका सकाळी तिने पिशवी भरली. "आणखी थोडं राहा ना," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "मी हाय तवर तू कोणाशी बोलायची नाय," असं म्हणून ती बसमध्ये चढली. स्टँडवरून मी तशीच कॉलेजात गेले. सर सांगत होते की पेशीत संदेश घेणारं प्रोटीन नवं असताना धड उभं राहत नाही, भलत्यालाच चिकटतं; म्हणून शॅपरोन नावाचं दुसरं प्रोटीन त्याची नीट घडी पडेपर्यंत त्याला धरून ठेवतं. "याला मराठीत काय म्हणाल?" "करवली!" मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. "पाठराखीण," मी म्हटलं. सर खूश झाले. "अगदी बरोबर. आणि घडी पडली की ती सोडून जाते. मगच ते कामाला लागतं." संध्याकाळी उशीला लवंगेचा वास येत होता, आतून सासूबाई काहीतरी विचारत होत्या आणि उत्तर द्यायला मी एकटीच होते. आता तोच धडा मी शिकवते. मुलं विचारतात, "मॅडम, पाठराखीण म्हणजे कोण?" मी सांगते, "जी परत जाते ती."