गिरजाबाईंची सावली

हुडकेश्वरला आमच्या गल्लीच्या टोकाशी प्राथमिक शाळा आहे. माझे शेजारी रुपरावजी सकाळी दूध घेऊन परतताना तिच्या फाटकाशी हमखास थांबतात. त्यांचं नागपूरच्या महाल भागात सायकलचं दुकान होतं. पत्नी गिरजाबाई स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या, पण इथल्या पोरांची खिचडी त्यांनी कित्येक वर्षं शिजवली. त्या गेल्यावर रुपरावजींनी शाळेच्या दारावर, छपराच्याही वर जाणारी विटांची उंच कमान बांधून दिली. तिच्यावर सिमेंटच्या अक्षरांत गिरजाबाईंचं नाव. बसमधूनही वाचता यायचं.

गेल्या वर्षी शाळा भूकंपासाठी बळकट करण्याचं काम निघालं. मधुवंती नावाची तरुण इंजिनीयर आली. भिंती एकमेकींना बांधणारे पट्टे, भिंतीला घट्ट आवळलेली कपाटं, हे सगळं रुपरावजींना पसंत होतं. मिस्त्र्यांना ते स्वतः चहा नेऊन देत. मग मधुवंतीने कमानीकडे बोट दाखवलं आणि तो चहा बंद झाला.

"काका, ही वर नुसतीच उभी आहे. हादरा बसला की सगळ्यात आधी हीच कोसळेल. आणि पोरं हिच्याखालूनच बाहेर पडणार."

"नागपूरले भूकंप कुठून येईन? आलाच तर इथलं ऊन पाहून वापस जाईन."

"तो ऋतू विचारून येत नाही."

"मंग येऊ दे. माह्या गिरजेचं नाव कोणी खाली नाही उतरवणार." मी शाळेच्या समितीवर असल्याने ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा हिले."

मला मधुवंतीचं पटतं, असं मी सांगितलं. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. माझं वर्तमानपत्र मात्र रोज वाचायला नेत होते.

मार्चअखेरीस मुलांची भूकंपाची कवायत ठरली. रुसवा निघावा म्हणून पाहुणे म्हणून रुपरावजींनाच बोलावलं.

भर दुपारी घंटा झाली. मुलं बाकांखाली शिरली, मग दप्तरं डोक्यावर धरून ओळीने बाहेर आली. सगळं अगदी शिकवल्यासारखं. मैदानाच्या मध्यावर मधुवंती उन्हात वाट पाहत उभी होती. तिच्यापर्यंत कोणी पोहोचलंच नाही. चार पावलं टाकून अख्खी शाळा मागे वळली आणि कमानीच्या सावलीत दाटीवाटीने उभी राहिली. आमच्या खुर्च्याही शिक्षकांनी तिथेच मांडल्या होत्या, त्यामुळे मुलांना रागवायची सोय नव्हती.

रुपरावजींची नात उन्नती त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होती.

"तिकडं काहून नाही गेली वं?"

"तिकडं चटके बसून राहिले. इथं आजीची सावली आहे ना."

रुपरावजींनी मान वर केली. बराच वेळ ते नावाकडे पाहत राहिले, मग खाली उभ्या असलेल्या पोरांकडे. उठून त्यांनी उन्नतीचा हात धरला आणि उन्हात चालू लागले. "चला रे, सगळे या."

सगळी शाळा त्यांच्या मागे निघाली. मधुवंतीजवळ पोहोचल्यावर त्यांनी आपली टोपी नातीच्या डोक्यावर ठेवली.

"काढून टाक ते, पोरी. पण सावली इथं पाहिजे."

कमान उतरली. मैदानाच्या मध्यावर हलक्या पाइपांचा, हिरव्या जाळीचा मांडव उभा राहिला. त्यावर गिरजाबाईंच्या नावाची पातळ पाटी आहे. बसमधून ती वाचता येत नाही, ही रुपरावजींची तक्रार कायम आहे. पुढच्या कवायतीत मुलं घंटेसरशी तिथेच धावली. उन्नती सगळ्यांच्या पुढे होती.

आता त्या जागेवर एकच संकट येतं, शिक्षकांच्या गाड्यांचं. त्यासाठी रुपरावजी शाळा भरताना हजर असतात.

"पियूष सर, गाडी हटवा. पोरायची जागा आहे ही."

"काका, सीट फार तापते हो."

"तापू द्या. उभ्यानं शिकवता ना, उभ्यानंच घरी जा."