चौघांचं टेबल

श्रीपतीच्या मते कामाची खूण एकच: घाम. ज्या कामाने बनियन भिजत नाही ते काम नव्हे, ती करमणूक. भाईंदर पूर्वेच्या गोदामांत त्याने उमेदीची सगळी वर्षं पोती वाहिली. साखरेची, सिमेंटची, शेवटी शेवटी पशुखाद्याची. मान एका बाजूला कलली ती निवृत्त झाल्यावरही सरळ झाली नाही, त्यामुळे तो जगाकडे बघायचा तोच मुळी तिरका. "बाबांचा स्वभाव मानेत उतरलाय," असं सून त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तेवढ्यापुरती ती त्याला आवडायची.

तर ही सून, संपदा, मार्चमधल्या एका सकाळी सोफ्यावर मोबाइल धरून बसली होती. बाजूला चहा गार होऊन त्यावर साय आली. कुणी हाक मारली तर हात वर करून "थांबा" म्हणायची. बऱ्याच वेळाने तिने मोबाइल उशीवर टाकला आणि पाठ टेकली.

"मिळालं एकदाचं! दमले बाई."

"कशाने?" श्रीपतीने विचारलं.

जितेंद्र, म्हणजे श्रीपतीचा मुलगा, गालातल्या गालात हसला आणि बायकोने बघितल्यावर गप्प झाला. मग संपदाने समजावून सांगितलं. मेच्या सुट्टीत सगळ्यांनी जादूनगरीला जायचं होतं. मोठं थीम पार्क, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, एक रात्र तिथेच राहायचं. आणि आत एक राजवाडा नावाचं हॉटेल होतं. तिथे वाढपी पगडी घालून वाढतात, ताट आलं की तुतारी वाजते. साक्षीने, नातीने, त्याचाच हट्ट धरला होता. पण तिथे आगाऊ बुकिंग नसेल तर दारातूनच परत पाठवतात, आणि बुकिंग सकाळी उघडतं ते बघता बघता संपतं.

"म्हणजे भूक मेमध्ये लागणार आणि खुर्ची मार्चमध्ये धरायची?"

"हो बाबा."

"आणि त्या दिवशी भूकच लागली नाही तर?"

"तर कॅन्सल करता येतं."

"भूक?"

त्या दिवसापासून श्रीपतीला विषय मिळाला. संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर बबन यायचा. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, ऐकून घ्यायला चांगला. श्रीपती त्याला सांगायचा, "आमच्याकडे आता जेवणाची अपॉइंटमेंट घेतात. दाढ काढायला घेतात तशी." बबन खो खो हसायचा. दुसऱ्या दिवशी श्रीपती तेच थोडं वाढवून सांगायचा. "अरे, आम्ही घोडबंदरच्या किल्ल्यावर जायचो. सतरंजी टाकली की झालं हॉटेल. डोंगरीला गेलो तर झाडाखाली. कुणी विचारलं, तुमचं बुकिंग आहे का? असल्या ठिकाणी मी तर पाणीसुद्धा पिणार नाही."

हे वाक्य त्याने बाकावरून, पहिल्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. त्यांचं घर पहिल्या मजल्यावरच होतं.

सतरंजीच्या त्या आठवणीत एक गोष्ट होती, ती श्रीपतीने कधी बघितली नव्हती. सतरंजीवर सगळे बसायचे, पण त्याची बायको कमळाबाई उकिडवी असायची. डबे उघड, भाकरी वाढ, कुणाला कांदा हवा, कुणाला मीठ. घरीही तेच. तो पानावर बसला की ती तव्यापाशी. लग्नाकार्यात पुरुषांची पंगत आधी, बायकांची नंतर. एवढ्या वर्षांच्या संसारात नवराबायको एका पंगतीला कधी बसले नव्हते, आणि त्यात काही चुकतंय असंही दोघांना वाटलं नव्हतं.

राजवाड्याचं कळल्यावर कमळाबाईने सुनेला विचारलं होतं, "तिथं वाढायला त्यांची माणसं असतात?"

"असतात आई. पगडीवाली."

"मग मी काय करायचं?"

"बसायचं."

कमळाबाई मेथी निवडत होती. बराच वेळ तिने तेच पान हातात धरलं. मग रात्रीची भाकरी वाढताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या दिवशी मी पहिल्या पंगतीला बसणार."

"बस की. पगडीवाला वाढायला आला की त्याच्या हातातला डाव घेशील हिसकावून."

"नाही घेणार."

"बघू."

आणि हे 'बघू' श्रीपतीच्या डोक्यात राहिलं. समोर ताट आल्यावर ही हात कुठे ठेवील? सगळ्यांआधी घास घेईल की थांबेल? त्याला ते बघायचं होतं. समोर बसून, स्वतः जेवताना. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बबनला त्याऐवजी तुतारीची नक्कल करून दाखवली.

निघायच्या आधीच्या आठवड्यात जितेंद्र मोबाइलवरून मोठ्याने वाचत होता. गाडी कधी येणार, खोली कुठली. "आणि राजवाडा, संध्याकाळचं जेवण, चौघांचं टेबल."

श्रीपतीने मनातल्या मनात माणसं मोजली. जितेंद्र, संपदा, साक्षी, कमळा.

"आणि मी?"

जितेंद्रने मान वर केली. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तुम्ही जेवणार होतात तिथे? गाडीत, खोलीत तुम्हाला धरलंय बाबा. पण जेवायचं... तुम्हीच म्हणालात ना, पाणीसुद्धा पिणार नाही म्हणून?"

"मी विचारलंही होतं," संपदा म्हणाली. "दोनदा. तुम्ही म्हणालात, मला वडापाव पुरे. म्हणून धरलेली पाचवी खुर्ची सोडून दिली."

ती चिडून नव्हती म्हणाली. लगेच मोबाइल घेऊन बसली, एक खुर्ची वाढवता येते का बघायला. येत नव्हती. फोन लावला. पलीकडे गाणं वाजत राहिलं, मग एका मुलीने गोड आवाजात नाही म्हटलं. त्यानंतर रोज सकाळी, डबे भरायच्या आधी, संपदा ओट्याशी उभ्या उभ्या बघायची की कुणी बुकिंग सोडलंय का. श्रीपती पेपरच्या आडून ते पाहत होता. घामाचं काम नव्हतं ते. पण ती रोज करत होती, हे त्याला नाकारता येईना.

तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? हमालांच्या टोळीत सकाळी मुकादम नावं पुकारायचा. जो ओ द्यायचा त्याचा दिवसाच्या कमाईत वाटा. ज्याने दिली नाही, तो मागाहून धापा टाकत आला तरी वाटा नाही. शेवटची काही वर्षं श्रीपती स्वतःच मुकादम होता. त्याने चांगली चांगली माणसं फाटकातून परत पाठवली होती, आणि वर म्हणायचा, "उशिरा आलेल्याची कीव करायची, तर वेळेवर आलेल्याने काय घोडं मारलंय?" आता त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं होतं आणि त्याने ओ दिली नव्हती. नियम त्याचाच होता. तरी रात्री कूस बदलताना तो पुटपुटला, "एक खुर्ची ती काय, लाकडाची."

जादूनगरी त्याला पटली नाही. माणसं रांग लावून स्वतःला हलवून घेत होती. श्रीपतीने हे सगळं ट्रकच्या हौद्यात फुकट भोगलं होतं, आणि तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता.

संध्याकाळी राजवाड्याच्या दारात नकली मिश्यांचा एक पोरगा भाला घेऊन उभा होता. "चार लोग, सर?"

"चार बैठेगा," श्रीपती म्हणाला. "पाँचवा मैं खड़ा रहेगा." आणि तो आत गेलासुद्धा.

लग्नाच्या हॉलमध्ये काय करतात, ते त्याला ठाऊक होतं. जेवणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं. त्याचा दहीभात आला की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा. तो उठला की बसायचं. शेजारच्या टेबलावर एक जाडगेले गृहस्थ खीर खात होते. श्रीपती त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. गृहस्थांनी दोन चमचे खाल्ले, मग वळून बघितलं.

"क्या चाहिए?"

"कुछ नहीं. आपका होने दो. आराम से."

गृहस्थांचा चमचा हवेतच थांबला. जितेंद्रचे कान लाल झाले. साक्षी टेबलाखाली तोंड घालून हसत होती. भालेवाला धावत आला. "अंकल, प्लीज."

"अरे, ये उठेगा तो मैं बैठेगा. इसमें तुम्हारा क्या जाता है?"

"इनके बाद दूसरे का बुकिंग है, अंकल."

कमळाबाई खुर्चीतून अर्धी उठली. पदर खांद्यावर घेत म्हणाली, "तुम्ही बसा इथं. मी थांबते बाहेर, मला कुठं एवढी भूक आहे."

आयुष्यभर त्याच्यासाठी जागा अशीच रिकामी झाली होती. त्याचा पाय पुढे पडलाही. पण तो बसला तर ती बाहेर, आणि मग तो बघणार काय? पगडीवाला?

"बस," तो म्हणाला. हमालाला म्हणावं तसं. "उठलीस तर बघ."

आणि बाहेर गेला.

बाहेरच्या टपरीवर त्याने उभ्याने बटाटेवडा खाल्ला. वडा बेचव होता आणि भाव सोन्याचा. हॉटेलची मोठी काच समोरच होती. आत पगडीवाला आला. कमळाबाईचा हात डावाकडे गेला, अर्ध्या वाटेवर थांबला, परत मांडीवर आला. पुढचं त्याला धड दिसलं नाही. काचेवर फुगेवाल्याच्या फुग्यांची प्रतिबिंबं पडत होती, आणि फुगेवाला हलायचं नाव घेईना.

ती बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, "एवढा वेळ लागतो जेवायला?"

"मी घाई नाही केली."

"कसं होतं?"

"डाळीला फोडणीच नव्हती." थोडं चालल्यावर म्हणाली, "पण त्याने तीनदा विचारलं, और चाहिए का? असं मला कुणी विचारलेलं नाही हो."



सकाळचा नाश्ता राहायच्या ठिकाणी होता, आणि त्याला बुकिंग नव्हतं. येईल त्याने बसायचं. घरातले उठायच्या आधीच श्रीपती आंघोळ करून खाली उतरला. खिडकीजवळचं टेबल बघितलं. एका खुर्चीवर टॉवेल, एकीवर चष्म्याचं घर, एकीवर साक्षीची पाण्याची बाटली, एकीवर टोपी. पाचवीवर स्वतः.

"यहाँ कोई है, अंकल?"

"है."

"किधर है?"

"नहा रहे हैं."

असे बरेच जण आले आणि तोंड वाकडं करून गेले. एकाने टॉवेल उचललाच. "ऐसे रिझर्व नहीं कर सकते."

"मैं इधर अंग से बैठा है," श्रीपती म्हणाला. "मोबाइल पे नहीं बैठा. टॉवेल रखो."

टॉवेल परत खुर्चीवर आला.

बऱ्याच वेळाने घरचे उतरले. संपदाने टॉवेल, टोपी, बाटली अशी सगळी मांडणी बघितली.

"बाबा, हे काय?"

"जागा धरली. पाचांची." त्याने मान चोळली. "लोक ऐकत नाहीत गं. दमलो."

संपदाने टॉवेलाची नीट घडी घातली, खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "कशाने?"

जितेंद्रला चहाचा ठसका लागला. श्रीपतीने सुनेकडे तिरकं बघितलं. तो नेहमीच तसं बघायचा, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

कमळाबाई सवयीने उठली, बशा भरायला. त्याने हात आडवा धरला. "तू बस."

तो स्वतः रांगेत उभा राहिला आणि दोन बशा घेऊन आला. पोह्यांचा एवढा ढीग की अर्धे टेबलावर सांडले. एक बशी तिच्यासमोर ठेवली, दुसरी घेऊन तिच्या शेजारी बसला. ती सगळ्यांच्या बशा येईपर्यंत थांबली नाही. लगेच खायला लागली.

"अजून काही हवं?" त्याने विचारलं. "हवं असेल तर आत्ताच सांग. मी पुन्हापुन्हा रांग लावणार नाही."

"थोडी चटणी," कमळाबाई म्हणाली.

तो कुरकुरत उठला.