गिव्ह अप म्हणजे सोडणे

क्लास चालवणाऱ्याकडे किस्से साचतात ते कपाटातल्या जुन्या पिशव्यांसारखे. एक ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात! कोल्हापुरात राजारामपुरीत चपलांच्या दुकानावरच्या खोलीत मी मोठ्या माणसांना स्पोकन इंग्लिश शिकवते. मैत्रिणी म्हणतात, "तुझी मजा आहे बाई, रोज फुकटात हसायला मिळतं." मिळतं की! पण यंदाच्या सकाळच्या बॅचला मी 'गिव्ह अप' शिकवलं आणि त्यानंतर हसू जरा अडखळतच येतं.

फळ्यावर लिहिलं, गिव्ह अप म्हणजे सोडणे. म्हटलं, "आपल्या रोजच्या जगण्यातलं एकेक वाक्य करा बघू."

पहिले उठले शिवाजीराव. गुळाचे व्यापारी, आवाज असा की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघतं. मान आढ्याकडे करून म्हणाले, "आय हॅव गिव्हन अप टोबॅको!"

टाळ्या पडल्या. वाक्य अगदी बिनचूक. मी विचारलं, "शाब्बास! पण मान अशी वर का?"

शिवाजीराव खिडकीशी गेले, तोंड रिकामं केलं आणि परत आले. "मॅडम, इंग्लिश बोलायचं का खरं बोलायचं ते सांगा. दोन्ही एकदम जमंना मला!"

*

मग प्रकाश. मूळचा नेसरीचा, इथं टीव्ही-फ्रिजच्या शोरूममध्ये सेल्समन. उभा राहिला आणि धडाधड म्हणाला, "येस्टर्डे आय गेव्ह अप माय मदर ॲट एसटी स्टँड!"

वर्ग नुसता फुटला. शिवाजीराव तर बाक बडवायला लागले.

मी म्हटलं, "अरे, याचा अर्थ आईला टाकून आलास असा होतो! पोचवायला गेलास ना? त्याला ड्रॉप ऑफ म्हणायचं."

"व्हय, तसंच. आईला गारगोटीच्या गाडीत बसवून आलो. थोरला भाऊ तिथं असतोय. तिघं भाऊ आमी, आळीपाळीनं ठेवून घेतो. माझी पाळी संपली."

कुणीतरी सहज विचारलं, "त्यांना स्वतःला कुठं आवडतं राहायला?"

"नेसरीला. पन तितलं घर इकलं की आमी."

मी त्याच्याकडून वाक्य दुरुस्त करून घेतलं. "आय ड्रॉप्ड ऑफ माय मदर." मी म्हटलं, "करेक्ट! बस."

तो बसला नाही. फळ्याकडं बघत म्हणाला, "मॅडम, पयलंच ऱ्हाऊ दे काय?"

*

सुमतीकाकू जैन घरातल्या, नवऱ्यामागं कापडाचं दुकान एकटीनं ओढलेलं. त्यांच्याकडं सोडण्याला काय तोटा! कांदा सोडलाय, बटाटा सोडलाय, रात्रीचं जेवण तर कधीच सोडलंय. पण त्यांनी वाक्य केलं, "आय हॅव गिव्हन अप स्वीट्स."

"शुगर निघाली काय काकू?"

"छे ओ! मुलाचा कॅनडाचा व्हिसा व्हायचाय. तो हुईपर्यंत गोड सोडलंय."

काही आठवड्यांनी व्हिसा झाला. काकू पेढ्यांचा बॉक्स घेऊन क्लासला आल्या, सगळ्यांना आग्रहानं पेढे वाटले. मी एक पेढा उचलून त्यांच्यापुढं धरला. "आता घ्या की! सुटला तुमचा नियम."

काकूंनी बॉक्सचं झाकण लावलं. "नको ओ. आता तो परत येईपर्यंत सोडलंय."

*

अनिल हुपरीचा. घरातच चांदीची पैंजणं बनवायचं काम, पण त्याला दुबईला जायचंय. रोज बसनं यायचा. एक दिवस क्लासला आला तो तोंड पाडून.

"मॅडम, आज गिव्ह अपचं प्रॅक्टिकल झालं. बसमधी एका पोरीनं मला सीट गिव्ह अप केली."

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं! 'बसा काका' म्हन्ली. माझं अजून लगीन व्हायचंय ओ!"

भट्टीपुढं बसून बसून त्याचे केस कानाजवळ पार पांढरे झालेत, हे त्या पोरीला काय माहीत. मी विचारलं, "मग बसलास का?"

"न्हाई. कोल्हापूर येईपर्यंत हुबा हुतो. आनी ती बी हुबीच. सीट रिकामीच आली."

*

पण गिव्ह अपचा खरा किस्सा आबा आणि काकींचा. दोघंही सत्तरीच्या पुढचे. मुलगी ऑस्ट्रेलियात, नातवाला मराठी येत नाही, म्हणून नवराबायको पहिल्या बाकावर बसून इंग्लिश शिकायचे. काकी हुशार. आबा अडले की कोपरानं ढोसून शब्द पुरवायच्या. काकींचं वाक्य होतं, "आबा गिव्ह्ज अप क्विकली, आय डू नॉट गिव्ह अप!" त्यावर आबाच सगळ्यात जास्त हसले होते.

मग काकींचं पोटाचं दुखणं निघालं. दोघांचंही येणं बंद झालं. बऱ्याच दिवसांनी आबा एकटेच आले आणि पहिल्या बाकावर, आपल्या नेहमीच्या कडेला बसले. शेजारची जागा कुणी घेतली नाही. क्लास सुटल्यावर ते थांबले.

"मॅडम, एक सांगायचं ऱ्हायलंय," म्हणाले.

दवाखान्यात मोठे डॉक्टर राउंडला आले होते. काकी डोळे मिटून पडलेल्या, आबा उशाशी. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि बरोबरच्या डॉक्टरला हळूच म्हणाले, "नो पॉइंट नाऊ. वी शुड गिव्ह अप." मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत, आजोबा. काळजी करू नका."

आबा मला म्हणाले, "आख्ख्या जन्मात पयल्यांदा इंग्लिश एका दमात कळलं बघा."

डॉक्टर गेले. काकींनी डोळे उघडले. "काय म्हनालं ओ डॉक्टर?"

"इंग्लिशमधी बोललं गं. मला कुठं कळतंय!"

काकींनी आबांचा हात चाचपून हातात घेतला आणि म्हणाल्या,

"मला बी न्हाई कळलं."