सिस्टरसाठी आवरलेली खोली

मंगळवार, १२ मार्च. नळाला पाणी उशिरा आले. चष्म्याची काडी घट्ट करून आणली. समोरच्या शिवणवालीने माझी पांढरी चादर मागून नेली. उद्या तिच्याकडे आरोग्य केंद्राच्या सिस्टर येणार.

शिवणवाली जिन्यापलीकडच्या दारात राहते. पन्नाशीची, लग्न केलेले नाही, घरीच मशीन चालवते. वडील पूर्वी घड्याळे दुरुस्त करीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणाला खिळले आहेत आणि पडून पडून कमरेखाली जखम झाली आहे. ती धुऊन पट्टी बांधायला सिस्टर घरी येत. आता केंद्राने ठरवले की घरची माणसे खरोखर अडचणीत असतील तिथेच जायचे. बाकीच्यांनी पेशंटला केंद्रात आणायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही.

बुधवार, १३ मार्च. सकाळी डोकावले तर खोली ओळखू येईना. मशीनवर झाकण, कपड्यांचे गठ्ठे गायब, फरशी लख्ख. म्हातारबुवा दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात, उशांना टेकून बसलेले.

"मावशी, नवरदेव केलंय मला हिने," ते म्हणाले. "नवरी येतेय का बघा."

"येतेय, पट्ट्यांची पिशवी घेऊन," शिवणवाली म्हणाली. "गप्प बसा, नाहीतर टाय बांधीन."

सिस्टर आल्या. नेहमीच्या त्या नव्हेत, पाहणीसाठी नेमलेल्या.

"रात्री कोण उठतं?"

"मीच. सवय आहे."

"मदतीला कोणी?"

"भाऊ आहे की."

भाऊ परगावी असतो आणि फोनवर 'काळजी घे' म्हणतो. माझी जीभ वळवळली, पण तिने डोळ्यांनीच दटावले. घरी आलेल्या माणसाला पसारा आणि रडगाणे दाखवायचे नाही, अशी तिची रीत.

सिस्टरनी चौफेर नजर टाकली. "माझ्या घरापेक्षा नीट आहे हो तुमचं. तुम्ही यांना सहज आणाल केंद्रात."

गुरुवार, २१ मार्च. आज तिने वडिलांना केंद्रात न्यायचा प्रयत्न केला. शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट उचलले. पहिल्याच वळणावर म्हातारबुवांनी कठडा पकडला तो सोडीनात, चेहरा पांढराफटक. परत वर आणले, तेव्हा जखमेच्या पाण्याने शर्ट मागून ओला झाला होता.

संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. चहाला हात लावला नाही.

"मावशी, उद्या केंद्रात जाते. परत या म्हणून सांगते. पण कधी येणार ते मला कळवायचं नाही."

"लाज नाही वाटणार?"

"वाटेल. पण जखम बाबांच्या अंगाला आहे, माझ्या नाकाला नाही."

बुधवार, २७ मार्च. आज पाहणीच्या त्याच सिस्टर न कळवता आल्या. त्यांच्या पाठोपाठ मीही गेले. मशीन चालू, खोलीभर दोरीवर ओल्या चादरी, जमिनीवर अर्धवट ब्लाउज, पलंगाशी न धुतलेले भांडे. मी भांडे उचलायला वाकले.

"मावशी, हात लावू नका," ती म्हणाली.

सिस्टरनी तेच प्रश्न विचारले.

"रात्री मीच उठते. मग दिवसा मशीनवर डुलकी लागते." तिने सुई घुसलेले बोट दाखवले. "भाऊ फोनवर असतो. खाली न्यायला माणसं मिळाली, पण बाबांना ते झेपत नाही." मग तिने वडिलांना एकटीने कुशीवर वळवले आणि जखम उघडी केली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही.

सिस्टरनी वाकून जखम पाहिली. "त्या दिवशी हे सगळं कुठे होतं?"

"पलंगाखाली."

सिस्टरनी मनगटावरचे घड्याळ काढून उशीजवळ ठेवले, हात धुतले आणि पिशवी उघडली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाल्या, "सोमवारी आणि गुरुवारी कोणीतरी येईल. मी तसं लावून घेते. आणि आवरून ठेवायचं नाही."

"सिस्टर," म्हातारबुवा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "टिकटिक ऐकतोय, घड्याळ मागे पडतंय तुमचं. गुरुवारी येताना त्याला मागून उघडायचं बघू. हिच्याकडे बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे."

संध्याकाळी माझी चादर धुऊन परत आली. उसवलेल्या कोपऱ्याला टाके घातलेले आहेत. कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली.