डावं मडगार्ड

त्या गल्लीत दोघा भावांना नावाने कुणी हाक मारत नसे. एक थोरले, एक धाकटे. धाकट्यांनी सत्तावन्न ओलांडलं, डोक्यावरचे केस बोटांवर मोजण्याइतके उरले, तरी ते धाकटेच राहिले. सात आठवड्यांपूर्वी थोरले दुपारी जेवायला बसले आणि खुर्चीतच मान टाकून गेले. अजूनही लोक धाकट्यांना धाकटेच म्हणतात. थोरले म्हणायला कुणी उरलं नाही, एवढंच.

धाकटे रडले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी गॅरेजचं शटर वर केलं. समोरचा लाँड्रीवाला बायकोला म्हणाला, "दगड आहे दगड." तिने ते थोरल्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या कानावर घातलं आणि वहिनींनी धाकट्यांच्या. धाकटे म्हणाले, "असेन." त्यांनी स्वतःला चाचपून बघितलं होतं. भूक लागत होती, झोप येत होती, दाढी वाढत होती. बाकी सगळं दाताचं इंजेक्शन घेतल्यावर गाल होतो तसं. हात लावला तर गाल जागेवर असतो, पण आपला वाटत नाही.

भावांचं काम जुन्या गाड्यांचा पत्रा जुळवण्याचं. इंजिनाला ते हात लावत नसत. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीचा पुढचा भाग गंजून गेला की त्याचे नवे पत्रे मागवता येतात. दोन मडगार्ड, बॉनेट, पुढची जाळी, जाळीमागची रेडिएटरची चौकट. पण ह्यातलं एकही पहिल्या झटक्यात बसत नाही. भोकं बोल्टला भेटत नाहीत. मडगार्डची मागची कड दाराला घासते, नाहीतर अंगठा जाईल एवढी लांब राहते. मग शिम घालायच्या. शिम म्हणजे बोल्टपाशी सरकवायची नखाएवढी जाड पत्र्याची चकती, एका बाजूला खाच असलेली, म्हणजे बोल्ट नुसता सैल केला तरी आत जाते. चौकटीखाली एक शिम वाढवली की मडगार्डचं नाक उचललं जातं, पण मागे दाराजवळची फट वरून मिटते आणि खालून उघडते. एक नीट केलं की दुसरं रुसतं. थोरले म्हणायचे, सासू आणि सून दोघींना एकाच वेळी खूश ठेवण्यासारखं आहे. त्यावर वहिनी म्हणायच्या, "ह्यांना काय माहीत! सासू होती कुठे मला?"

हे काम दोघांनी मिळून करायचं, अशी त्यांची पद्धत होती. एकतीस वर्षं उजवी बाजू धाकट्यांची, डावी थोरल्यांची. इकडून "एक घातली!" तिकडून "मीही!" दोघांचं जमेपर्यंत एकही बोल्ट पुरता आवळायचा नाही. धाकट्यांच्या डोळ्याचं गल्लीत नाव होतं. पट्टी नाही, माप नाही. गाडीसमोर उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि सांगायचं. थोरले आपली बाजू वीतभर लांबीच्या लेव्हलने तपासत. गवंडी वापरतात तसली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. "मला कुठे तुझ्यासारखा डोळा," असं म्हणत. धाकटे त्याला दादाचं गवंडीकाम म्हणायचे आणि हसायचे. ह्या दोघांच्या हातून गेलेल्या गाडीचं नाक केसभर वर असे. गिऱ्हाइकं म्हणत, हे लोक गाडीला ऐट आणतात.

थोरले गेल्यावर गॅरेजचा अर्धा वाटा वहिनींकडे आला. शेजारच्या टायरवाल्याला ती जागा हवीच होती. त्याने महिनाभर कळ काढली आणि मग विचारलं. वहिनी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसल्या.

"भाऊजी, स्पष्ट बोलू का?"

"बोला ना."

"दोघांचं काम तुम्ही एकटे कसे ओढणार? मला जागा विकायची हौस नाही. पण शटर उघडून तुम्ही नुसते आत बसून राहाल, तेही मला बघवणार नाही. ही डॉक्टरबाईंची गाडी घ्या. एकट्याने जुळली तर ठेवू. नाहीतर टायरवाल्याला हो सांगू."

"कधीपर्यंत?"

"रविवारी तो उत्तर मागणार आहे."

धाकट्यांनी मान हलवली. गॅरेज गेलं तर आपण सकाळी उठून कुठे जाणार, हे त्यांना सांगता आलं नसतं. भीती वाटायला हवी, हेही त्यांना कळत होतं.

डॉक्टरबाई म्हणजे दातांच्या. गाडी त्यांच्या वडिलांची होती. सोमवारी त्या येऊन बजावून गेल्या होत्या, "फटी बघण्यात माझा जन्म गेलाय. मला फसवू नका."

मंगळवारी धाकट्यांनी जमिनीवर रंगवलेल्या चार चौकोनांत गाडीची चारही चाकं आणून उभी केली. तेवढाच भाग भावांनी घोटून अगदी सपाट केला होता. गाडीचं सगळं वजन चाकांवर हवं. जॅकवर उचललेल्या गाडीच्या फटी जुळवल्या तर खाली उतरवल्यावर त्या पुन्हा तोंड फिरवतात. आधी दारं जुळवली. मग चौकट, मग दोन्ही मडगार्ड, बोल्ट फक्त हाताने फिरवून. बॉनेट एकट्याला चढवता येत नाही. टायरवाला आला, त्याने एक टोक धरलं आणि बॉनेट जागेवर बसेपर्यंत तो छताकडे आणि भिंतींकडेच बघत होता.

"ओल येते का हो कोपऱ्यात?" त्याने विचारलं.

"येते."

"बघू, काहीतरी करू," टायरवाला म्हणाला आणि मग जीभ चावली.

धाकट्यांनी उजवी बाजू घेतली. दुपारपर्यंत दाराजवळची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी झाली. चौकटीखाली उजवीकडे चार शिमा गेल्या. मग ते गाडीला वळसा घालून डावीकडे गेले. तिथे त्यांना काय करायचं ते माहीत होतं, फक्त ते त्यांनी कधी केलं नव्हतं. सवयीने ते म्हणाले, "उजवीकडे चार आहेत." पान्हा घेऊन ते कामाला लागले. त्यांच्या डोळ्याला डावीकडे एकच शिम पुरे वाटली.

बॉनेट खाली केलं तेव्हा उजवं मडगार्ड बॉनेटच्या कडेपेक्षा वर आलं होतं आणि डावं खाली गेलं होतं. समोरून बघितलं तर गाडी एक भुवई उडवून बघत होती.

त्यांनी सगळं सैल केलं. बुधवारी पुन्हा उजवीकडून सुरुवात, पुन्हा चार आणि एक. गुरुवारी डावीकडून सुरुवात केली, तरी एक आणि चारच आले. बॉनेटचे बिजागर वरखाली करून झाले. नवी चौकटच पिळलेली असेल म्हणून ती काढून जमिनीवर ठेवून बघितली. चौकट सरळ होती. शुक्रवारी डॉक्टरबाई डोकावल्या, दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हिला तर तार लावावी लागेल." धाकटे हसले नाहीत, तशा त्याच ओशाळल्या आणि निघून गेल्या.

शनिवारी सकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. धाकटे गाडीसमोर उकिडवे बसले होते, एक डोळा मिटून.

"काय म्हणते?"

"चौकट सरळ आहे. मडगार्ड सरळ आहेत. जमीन सपाट आहे. मग वाकडं काय आहे तेच कळत नाही."

वहिनी डबा स्टुलावर ठेवून म्हणाल्या, "तुम्ही."

"काय?"

"तुमची मान एका अंगाला कलते ना, भाऊजी. तसा डोळाही कलतो. हे म्हणायचे, धाकट्याची बाजू नेहमी वर चढते. मग ते आपली बाजूही तेवढीच वर करून घ्यायचे."

धाकट्यांनी मिटलेला डोळा उघडला.

"नाक वर असायचं ते..."

"त्यानेच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांनाच माहीत होतं. पोरांनाही."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"मी म्हटलं होतं ह्यांना, एकदा सांगून टाका. तर म्हणाले, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, मग बिघडलं कुठे."

धाकटे उठले. गुडघे वाजले. त्यांनी उजव्या हाताने मान चाचपली, जणू ती आत्ताच कुणी आणून बसवली होती. एकतीस वर्षं ज्या डोळ्याचा त्यांनी तोरा मिरवला त्याची किंमत आत्ता कळली होती. लाज वाटेल म्हणून ते जरा थांबले. वाटली नाही. मग थोरल्यांच्या कपाटाकडे गेले, वरच्या खणातून लेव्हल काढली, शर्टाला पुसली आणि चौकटीवर आडवी ठेवली. बुडबुडा सरकत सरकत उजव्या टोकाला जाऊन थांबला.

"वर आहे," ते म्हणाले. "माझीच."

उजवीकडच्या चारपैकी दोन शिमा त्यांनी काढल्या. डावीकडे एक होती तिथे आणखी एक घातली. दाराजवळच्या फटी पुन्हा बिघडल्या. मडगार्डच्या मागच्या बोल्टपाशी दोन्हीकडे शिमा घालून, काढून, पुन्हा घालून त्या दुपारी तीनपर्यंत वळणावर आल्या. ह्या वेळी त्यांनी डोळा एकदाही मिटला नाही. दर वेळी लेव्हल, दर वेळी पट्टी. बॉनेट खाली केलं. दोन्ही कडा मडगार्डांच्या पातळीत, दोन्ही फटी सारख्या. गाडीचं नाक वर नव्हतं. गाडी गाडीसारखी दिसत होती.

वहिनींनी एकदा डावीकडून बोट फिरवलं, एकदा उजवीकडून.

"जमलं की."

"एकट्याने नाही जमलं," धाकटे म्हणाले. "तुम्ही सांगितलंत. लेव्हल दादांची. अट एकट्याने अशी होती."

"लेव्हल काय शिमा घालते का? आणि मी तर डबा घेऊन आले होते." त्या दाराकडे वळल्या. "टायरवाल्याला काय सांगू ते बोला."

"नाही म्हणा."

"उद्यापर्यंत वेळ आहे. विचार करा."

"केला. नाही म्हणा त्याला."

वहिनी तशाच शेजारी गेल्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, मग टायरवाल्याचा, "बरं, बरं, तुमची मर्जी." मग कम्प्रेसर सुरू झाला. धाकटे गाडीजवळ उभे होते. आता काहीतरी वाटेल, म्हणून त्यांनी कम्प्रेसर बंद होईपर्यंत वाट बघितली. तो बंद झाला. फक्त भूक लागल्याचं लक्षात आलं.

वहिनी परत आल्या तेव्हा ते बॉनेटच्या बिजागरांचे बोल्ट सैल करत होते.

"अहो, आत्ता तर जुळवलंत! काढता कशाला?"

"रंगाला सगळं सुटं करावं लागतं. कुठली शिम कुठली ते लिहून ठेवायचं आणि रंग झाला की तसंच परत बसवायचं."

"म्हणजे पुन्हा सगळं?"

"पुन्हा सगळं." त्यांनी दाराबाहेर बघितलं. टायरवाल्याला हाक मारणं आज बरं दिसलं नसतं. "वहिनी, जरा ते टोक धराल का?"

वहिनींनी पदर खोचला.

"जड आहे?"

"आहे."

"कुठे ठेवायचं?"

"त्या भिंतीला. उभं."