पहिली धार फेकायची असते

जिन नावाच्या दारूच्या त्या कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणायचे आणि पाठीमागे 'नाक'. तिला दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही चालत होतं. बावीस वर्षं तांब्याच्या भांड्यापुढे उभी राहिलेली बाई. तिला सर्दी झाली तर कारखान्याला सुट्टी, असं हमालसुद्धा सांगायचा. आता असं नाक सांभाळायचं म्हणजे काय खायचं काम नाही. भट्टी लागायची त्या दिवशी घरात कांदा-लसूण नाही, साबण बिनवासाचा, डोक्याला तेल नाही. पोटच्या मुलीच्या लग्नात बाईने अत्तराचा थेंब लावून घेतला नाही, का तर दुसऱ्या दिवशी भट्टी होती. नवरा दुधाची गाडी चालवायचा. "तुझ्या नाकापायी माझी जीभ मेली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, पण आठवड्यातले तीन दिवस मुकाट्याने अळणी जेवायचा.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर दिवसातल्या वीस मिनिटांसाठी. भांड्यात मद्यार्क, जुनिपरची निळी बोरं, धणे, संत्र्याची साल घालून खाली आच दिली की काही वेळाने तोटीतून धार सुरू होते. ही पहिली धार वाईट. वासाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखी, आणि पिणाऱ्याचं डोकं दोन दिवस धरून ठेवणारी. ती फेकायची. मग धार हळूहळू साफ होत जाते. नक्की कधी साफ झाली ते तापमानाचा काटाही सांगत नाही आणि घड्याळही. नाक सांगतं. ते कळलं की तोटी टाकाऊ मालाच्या पिंपावरून काढून चांगल्या टाकीवर फिरवायची. टाकीला एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असायचं. त्यावर तारीख, वेळ आणि खाली मावशीची सही. सही नाही तर त्या टाकीतली एकही बाटली भरायची नाही, हा थोरल्या मालकांचा दंडक.

तिला हे सगळं शिकवलं ते थोरल्यांनीच. आली तेव्हा ती फरशी पुसायच्या कामावर होती. एकदा त्यांनी सहज गंमत म्हणून दोन वाट्या पुढे केल्या, कोणती फेकायची सांग म्हणाले. तिने लांबूनच सांगितलं. त्या दिवसापासून तिच्या हातचा झाडू सुटला. पहिली तीन वर्षं थोरले रोज शेजारी उभे राहायचे, एक अक्षर बोलायचे नाहीत, आणि तिची चूक झाली की नुसते खाकरायचे.

पुढे थोरले घरी बसले आणि त्यांचा मुलगा, धाकटे मालक, गादीवर आले. धाकट्यांना माल करण्यापेक्षा माल दाखवण्यात गोडी जास्त. त्यांनी मागचं गोदाम रिकामं केलं, लाकडी टेबलं मांडली, पिवळे दिवे टांगले, आणि दर शनिवारी पाहुण्यांची तिकिटं लावली. आधी कारखाना बघा, मग बसा, खा, प्या. शेजारच्या गोठ्यातलं चीज, खालच्या नदीतला धुरी दिलेला मासा, कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम पाव, व्हिनेगरमधल्या काकड्या. "सगळं इथलंच," असं धाकटे दर तिसऱ्या वाक्याला म्हणायचे. खोटं कशाला बोला, खाणं झकास होतं. मावशीने स्वतः एका रविवारी आदल्या दिवशीचा उरलेला तो मासा दोनदा मागून खाल्ला होता. आणि आपण काढलेली जिन लोक बर्फ घालून, लिंबाची फोड टाकून, मिटक्या मारत पिताना बघायला कोणाला आवडणार नाही? तिचं म्हणणं एकच होतं की शनिवारी भट्टी लावू नका. माणसं अत्तरं फासून येतात, आत माशाचा घमघमाट, त्यात माझं नाक काय करणार? पण धाकट्यांना थंड भांडं दाखवायचं नव्हतं. त्यांना वाफ हवी होती.

त्या शनिवारी चौदा पाहुणे होते. भांडं तापत आलं होतं. टाकीत आदल्या दिवसाचा दीडशे लिटर चांगला माल होता, त्यातच आजचा पडायचा होता आणि सोमवारी बाटल्या भरायच्या होत्या. धाकटे दारात आले.

"मावशी, दोन मिनिटं तिकडे चला ना. पाहुण्यांना तुम्हाला भेटायचंय."

"धार यायची वेळ झालीय."

"अहो, अजून पंधरा मिनिटं आहेत. मी काटा बघितला."

"काट्याचं मला सांगू नका."

"माझ्या शब्दाखातर. दोनच मिनिटं."

ती गेली. इथे तिचं चुकलं, आणि ते तिने कधी नाकारलं नाही. गेली ती गेली, शिवाय तिथे रमली. एका टकल्या गृहस्थांनी आपला ग्लास पुढे केला आणि यात काय काय आहे ओळखा म्हणाले. तिने संत्रं सांगितलं, वेलची सांगितली, आणि तुमच्या आधी या ग्लासातून कोणीतरी कॉफी प्यायलंय हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. दोन मिनिटांची दहा झाली. मग भट्टीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि तिच्या लक्षात आलं की धाकटे जागेवर नाहीत, आणि अर्धे पाहुणेही नाहीत.

ती धावली. दारातच तिला वास आला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. तोटी चांगल्या टाकीवर होती. धार पडत होती. धाकटे हातात जग घेऊन छोटे ग्लास भरत होते आणि सांगत होते, "ही खरी, पहिल्या धारेची. बाजारात मिळणार नाही."

एक वयस्कर बाई ग्लास ओठाला लावतच होत्या. मावशीने तो हिसकावून घेतला. मग दुसरा, मग तिसरा. कोणाच्या कोटावर सांडलं, कोणी 'अहो' म्हणालं. तिने सगळे ग्लास पिंपात उपडे केले, तोटी पिंपाकडे वळवली आणि मग धाकट्यांकडे वळली.

"किती गेलं टाकीत?"

"तीन लिटर असेल. चार. पाहुण्यांसमोर हा काय तमाशा, मावशी?"

"टाकी गेली."

"दीडशे लिटरात चार लिटर. कोणाला कळणारय?"

"मला."

"मग नाक दाबून सही करा," धाकटे हळू आवाजात म्हणाले, पण हसत म्हणाले, आणि त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कार्ड त्यांनी खुंटीवरून काढून तिच्यापुढे धरलंसुद्धा. "सोमवारी गाडी येणारय. परत उकळलं तर चव जाते, तुम्हीच सांगता. माल फेकू मी? तुमच्या एका सहीसाठी?"

"त्या सहीवर लोक पितात. माझी सही मिळणार नाही."

"मग थोरल्यांना विचारू. ते म्हणतील ते ऐकाल ना?"

"ऐकेन," ती म्हणाली. आणि तिला हायसंच वाटलं. थोरले दर शनिवारी जेवायला यायचे, दोन ग्लास जिन ठरलेली. त्या क्षणी ते गोदामात पाव आणि चीज खात बसले होते. पाहुण्यांचा घोळका घेऊन सगळे तिकडे गेले. धाकट्यांनी टाकीतून काढलेला ग्लास वडिलांपुढे ठेवला.

"बाबा, मावशी म्हणतात माल बिघडला. तुम्ही सांगा."

थोरल्यांनी ग्लास उचलला, नाकाखाली धरला. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्या डाव्या डोळ्याखालची कातडी बारीकशी उडाली. तीन वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या बाईला त्याचा अर्थ विचारावा लागत नव्हता. त्यांना कळलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मांडलेल्या टेबलांकडे पाहिलं, चौदा माणसांकडे पाहिलं.

"चांगली आहे," थोरले म्हणाले. "कर सही."

क्षणभर तिला वाटलं की आपणच चुकलो. मग आतून जो संताप उसळला तो धाकट्यांवरचा नव्हताच. धाकटे काय, अडाणी. त्यांना वास येतच नव्हता. यांना आला होता.

"मग प्या," ती म्हणाली.

"अगं..."

"प्या ना. चांगली आहे ना? शनिवारची तुमची ठरलेलीच आहे. मी सही करते, तुम्ही पिऊन दाखवा."

थोरल्यांनी ग्लास तोंडापर्यंत नेला. तिथे तो थांबला. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला, काकड्यांच्या ताटलीशेजारी, आणि म्हणाले, "हल्ली दुपारची सोसत नाही."

टकले गृहस्थ आपला ग्लास बघू लागले. त्यातली जिन मागच्या महिन्यातली होती, अगदी निर्मळ, पण त्यांनीही तो दूर सारला. एकेकाने सारला.

"तुम्हाला वास आला," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "यांना येत नाही, यांना मी माफ करीन. तुम्हाला आला आणि तुम्ही मला सही कर म्हणालात. बावीस वर्षं मी घरच्यांना अळणी घातलं ते कोणाच्या शब्दावर?"

उत्तराची वाट न बघता ती भट्टीच्या खोलीत गेली, टाकीखाली वाकली आणि टाकाऊ मालाच्या हौदात जाणारा नळ पूर्ण उघडला. धाकटे मागोमाग ओरडत आले. थोरल्यांनी दारातच त्यांचं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाले.

दीडशे लिटर रिकामं व्हायला अर्धा तास लागतो. मावशी तेवढा वेळ नळापाशी उभी होती. थोरले स्टूल ओढून शेजारी येऊन बसले. पाहुणे गेले, ताटल्या उचलल्या गेल्या, टाकीतली पातळी खाली खाली जात राहिली.

"अगं," थोरले म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. तिने मान वळवली नाही. नळ गळायचा थांबला तसा तिने तो बंद केला, टाकीचं ते बिनसहीचं कोरं कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि घरी गेली.